पाण्याच्या दिवशीची चाल

शैला सेलूकरची चाल आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होती. सिडकोतल्या आमच्या रस्त्यावर ती लांबून येत असली तरी चेहरा दिसायच्या आधीच ओळखू यायची. ताठ पाठ, लहान पावलं, उजव्या हाताच्या चिमटीत निऱ्या किंचित उचललेल्या आणि मागं पदर असा सरळ, जणू खुंटीला टांगलेला. मी कॉन्व्हेंटात शिकले. तिथल्या सिस्टर आम्हाला डोक्यावर पुस्तक ठेवून व्हरांड्यात चालायला लावत, तरी माझी चाल कधी तशी झाली नाही. मला वाटायचं, हिला घरातूनच चांगलं वळण मिळालं असेल. एका अर्थानं ते खरंही होतं. पण ते कळायला मला फार वेळ लागला, आणि अजूनही पुरतं कळलंय असं मी म्हणणार नाही.

ती लासूर स्टेशनची. वडील तिथं एका अडत दुकानावर मुनीम होते. लग्न होऊन इथं आली तेव्हा सदाशिवराव पाटबंधारे खात्यात कारकून होते. पुढं हेडक्लार्क होऊन निवृत्त झाले. तिनं सासूचं शेवटपर्यंत केलं. मुलगा हिमांशू शिकून पुण्याला नोकरीला लागला. उन्हाळ्यात निम्म्या गल्लीचे पापड-कुरडया तिच्या गच्चीवर वाळतात, आणि राखणीलाही तीच बसते. माझे यजमान गेले तेव्हा तेरा दिवस तिनं माझ्याकडं चहाची किटली पाठवायची चुकवली नाही. तिच्या आयुष्यात सांगण्यासारखं काय, असं तिला विचारलं असतं तर ती म्हणाली असती, काही नाही. मीही तसंच म्हटलं असतं, गेल्या श्रावणापर्यंत.

श्रावणात तिचा डावा गुडघा सुजला. जिना उतरताना ती कठड्याला धरून थांबू लागली. हाडाच्या डॉक्टरांनी फोटो काढला आणि गुडघा झिजलाय, बदलावा लागेल असं सांगितलं. मात्र पुढं म्हणाले, "आधी फिजिओथेरपीवाल्यांकडून उभं राहणं, चालणं तपासून आणा. स्नायूंचा तोल बिघडल्यानं गुडघ्यावर भार येत असेल, तर व्यायामानं काही काळ थांबता येईल. तसं काही नसेल, तर ऑपरेशन."

हिमांशूनं पुण्याहून दिवाळीनंतरची तारीख धरूनही टाकली. शैलाला ऑपरेशन नको होतं. सुईला न घाबरणारी बाई, पण या नावानं तिचा चेहरा उतरायचा.

"ताई, दुसऱ्याच दिवशी उठवून चालायला लावतात म्हणे," ती मला म्हणाली. "सगळ्यांसमोर. डॉक्टर, नर्सा, हे, हिमांशू."

"चांगलंच आहे की! लवकर घरी येशील."

तिनं माझ्याकडं असं पाहिलं, की मी काहीतरी भलतंच बोलून गेले असं मला वाटलं. काय ते मात्र उमगलं नाही.

फिजिओथेरपीवाल्या स्वरदाचा दवाखाना आमच्यापासून जवळच आहे. शैलाबरोबर सदाशिवराव आणि मीही गेलो. मुलगी तरुण, बोलायला गोड. तिच्या खोलीत एका भिंतीवर चौकोन आखलेले आहेत, आणि समोर छतापासून ओळंबा सोडलेला आहे, गवंड्याकडं असतो तसाच. त्या दोरीशेजारी माणसाला उभं करून ती बघते, की कान, खांदा, खुबा आणि घोटा एका रेषेत येतात की नाही. शैला उभी राहिली. सगळं एका रेषेत. मागून पाहिलं, तर दोन्ही खांदे चौकोनांच्या एकाच ओळीवर.

"काकू, इतकं सरळ उभं राहणारं माणूस मी फक्त पुस्तकातल्या चित्रात बघितलंय," स्वरदा म्हणाली.

सदाशिवराव खुर्चीत खुलले. "अहो, आमच्या आईनं पारखून आणलीय ती! पैठणची एक मुलगी पाय ओढते म्हणून आईनं नाकारली होती. मग हिच्याकडं गेलो, तर आई हिला म्हणाली, तुळशीपुढं निरांजन लावून ये. म्हणजे अंगणातून चालणं दिसावं. ही गेली, आली. आईचं समाधान होईना. तिनं उठून हळूच फुंकर मारली आणि म्हणाली, अगं, विझलं वाटतं, पुन्हा लाव. दोनदा चालवली! मग हो म्हणाली."

ही गोष्ट आम्ही सत्यनारायणाला, बारशाला, हळदीकुंकवाला ऐकलेली होती. दर वेळी ते फुंकर मारून दाखवायचे. शैला दर वेळी खाली बघायची, आणि आम्ही समजायचो, लाजली.

मग स्वरदानं तिला पलंगावर उजव्या कुशीवर निजवलं आणि डावा पाय वर उचलायला सांगितला. पाय थोडा उचलला, थरथरला आणि खाली आला. पुन्हा उचलला, पुन्हा आला. कूस बदलल्यावर उजवा पाय मात्र सहज वर गेला. टेपनं मोजून पाहिलं, तर दोन्ही पायांची लांबी सारखीच. मग तिनं उजव्या कमरेवर बोटं दाबली आणि मला म्हणाली, "आजी, हात लावून बघा." मी लावला. साडीच्या काठाच्या वर, मणक्याशेजारी, स्नायू नव्हे, दोरखंड होता.

"आता चाला, काकू. नेहमीसारखं."

शैला चालली. नेहमीसारखीच. लहान पावलं, चिमटीत निऱ्या, सरळ पदर.

स्वरदानं तिला परत चालायला लावलं, मग अजून एकदा. मग ती स्वतःच स्टुलावर बसली. "ज्या खुब्यात जोर नाही, त्या पायावर भार आला की कंबर दुसऱ्या बाजूला खाली जायला पाहिजे. नाहीतर अख्खं अंग तरी त्या पायाकडं झुकायला पाहिजे. यांचं काहीच होत नाही. मग ते काम करतंय कोण?"

मी मनात मांडून पाहिलं. दुखतो डावा गुडघा. कच्चा आहे डावा खुबा. कडक झालीय उजवी कंबर. आणि चालताना कुठंच काही नाही. "म्हणजे नेमकं बिघडलंय कुठं?" मी विचारलं.

"तेच तर कळत नाही, आजी. मी जे पलंगावर बघितलं आणि जे चालताना बघितलं, ती दोन वेगळी माणसं वाटतात. साडीत कंबर दिसत नाही. पुढच्या वेळी सलवार-कुर्ता घालून या."

शैला घाबरीघुबरी झाली. सलवार-कुर्ता या वयात कसा घालायचा म्हणून संकोचत असेल असं समजून मी माझ्या सुनेचा एक साधा, अंगाबरोबर बसणारा कुर्ता घेऊन गेले, बरीच समजूत घातली. वाटेत ओढणी अंगभर घेऊन ती माझ्या मागं मागं चालत होती. मी चेष्टा केली, "अगं, कॉलेजातली दिसतेस!" ती हसली नाही.

दवाखान्यात ती चालू लागली, आणि मला काहीतरी चमत्कारिक दिसलं. तिचा उजवा हात मांडीशी तसाच होता, चिमूट धरलेला. चिमटीत काहीच नव्हतं. निऱ्याच नव्हत्या. तरी हात प्रत्येक पावलाला किंचित वर उचलला जात होता.

स्वरदालाही ते दिसलं. "काकू, तो हात सोडा. मोकळा सोडून चाला."

शैलानं हात सोडला आणि ती थांबली. पाय पुढं येईना. समोरची भिंत, मागं आम्ही, आणि ती मध्येच उभी.

"चाल की," सदाशिवराव म्हणाले.

"नाही येत."

"नाही येत म्हणजे?"

"मला चक्कर येतेय," ती म्हणाली आणि पलंगावर बसली.

त्या दिवशी जो घोळ झाला तो विचारू नका. सदाशिवरावांनी तिथूनच हिमांशूला फोन लावला. हिमांशू म्हणाला, हात सोडल्यावर पाय थांबतो, म्हणजे हे गुडघ्याचं नाहीच, मेंदूचं आहे. ताबडतोब मेंदूचा फोटो काढा. स्वरदा म्हणत होती, घाई करू नका, रक्तदाब ठीक आहे, बोलणं ठीक आहे. सदाशिवराव मला कोपऱ्यात घेऊन म्हणाले, "वहिनी, माझ्या मामांचं असंच सुरू झालं होतं." रिक्षात ते सारखे तिला विचारत होते, "माझं नाव सांग बघू. आज वार कोणता?"

"अहो, गप्प बसा हो," शैला म्हणाली. "सदाशिव. मंगळवार."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती मला गच्चीवर घेऊन गेली. धान्याला ऊन द्यायचं निमित्त होतं. बराच वेळ नुसतीच गहू पसरत राहिली, मग म्हणाली, "ताई, माझ्या डोक्याला काही झालेलं नाही. मी लंगडी आहे."

मला कळेना, की ही आजारातलं बोलतेय की शुद्धीतलं.

लहानपणी ती बाजाराच्या आवारात पोत्यांच्या थप्पीवरून पडली होती. हाडवैद्यानं पाय बांधला. हाड जुळलं, पण खुब्यात जोर आला नाही. पाऊल टाकलं की अंग डावीकडं झुकायचं. वयात आली तशी आईला तिच्या लग्नाची काळजी लागली. घराचं अंगण उंचसखल, म्हणून दुपारची गाडी गेली की आई तिला स्टेशनच्या फलाटाच्या पार टोकाला न्यायची. तिथं जमीन सपाट आणि कडेला सरळ रेघ. शैला रेघेवरून चालायची, आई मागून. आईची नजर फक्त पदरावर असायची.

"पदर हलला, म्हणायची. फिर माघारी. पुन्हा चालायचं. पुन्हा पदर हलला. शेवटी आम्हाला निऱ्यांची युक्ती सापडली. उजव्या हातानं निऱ्या उचलल्यासारखं करायचं, आणि त्याच वेळी उजवी कंबरही वर ओढून धरायची. मग अंग झुकत नाही. पावलं मात्र लहान हवीत. लोकांना वाटतं, पोरगी मर्यादशील आहे."

"आणि तुळशीपुढं?"

"तशीच चालले. दोन्ही वेळा." तिनं गव्हातला एक खडा काढून कठड्याबाहेर टाकला. "मग सासूबाई शेवटपर्यंत आमच्यातच होत्या. त्यांच्यासमोर कसं चुकायचं? पुढं त्याची सवयच झाली. आता त्या नाहीत, पण ह्यांची ती गोष्ट आहे ना. इतक्या अभिमानानं सांगतात. मी काय म्हणू, तुमच्या आईला फसवून आले?"

"मग स्वरदाला तरी सांग. नाहीतर डोक्याचा फोटो काढतील, वर गुडघाही कापतील."

"सांगू काय, ताई? ती म्हणते, नेहमीसारखं चाला. माझं नेहमीचं कोणतं, तेच मला कळेना झालंय. हात सोडला, तर पाय कसा टाकायचा ते आठवलंच नाही. मी खोटं नाही बोलले. खरंच नाही आलं."

तिनं मला कुणाला न सांगण्याची शपथ घातली. मी घरी आले. एका बाजूला मैत्रिणीची शपथ, दुसऱ्या बाजूला तिचा गुडघा. मला वाटलं, इतक्या वर्षांची गोष्ट, आता त्यात लपवण्यासारखं काय उरलंय? लगेच वाटलं, इतक्या वर्षांची आहे म्हणूनच. दोन्ही पटत होतं, आणि त्यानं काहीच ठरत नव्हतं.

शैला पुन्हा दवाखान्यात जायला तयार होईना, तेव्हा स्वरदाच म्हणाली, मी घरी येते, काकू घरात कशा वावरतात ते बघते. गुरुवारी दुपारी ती आली. सदाशिवरावांनी मलाही बोलावलं. शैला चहा घेऊन आली ती त्याच चालीनं, तुळशीपुढच्या. स्वरदानं माझ्याकडं हताश होऊन पाहिलं. सदाशिवराव म्हणाले, "मग डोक्याच्या फोटोचं नक्की करू ना? हिमांशूनं शनिवारची वेळ घेतलीय."

तेवढ्यात बाहेरून आवडाबाई ओरडली. ती आमच्या दोघींकडं भांडी घासायला येते. "काकू ओ! पाणी आलंय! पळा, लई जोरात हाय!"

आमच्या भागात नळाला पाणी आठवड्यानं येतं, आणि त्या आठवड्यात ते शनिवारी यायचं होतं. पण पाणीच ते. कुणाला न सांगता गुरुवारी आलं. पिंपं रिकामी, हौद तळाला. शैला ताडकन उठली. एका हातात पाईप, दुसऱ्या हातात बादली, पदर खोचलेला नाही, आणि ती दिवाणखान्यातून दारापर्यंत, दारातून व्हरांड्यात धावली. प्रत्येक डाव्या पावलाला तिचं अख्खं अंग डावीकडं कलत होतं. पदर घड्याळाच्या लंबकासारखा इकडून तिकडं जात होता.

स्वरदा उठून उभी राहिली. "बघा! हे बघा, काका! हे मी शोधत होते."

"काय?" सदाशिवराव म्हणाले. "ते होय! ती पाण्याची घाई आहे हो. पाण्याच्या दिवशी ती नेहमी अशीच चालते. ओझ्यानं होतं तसं."

"बादली रिकामी आहे, काका."

सदाशिवराव बोलायला गेले आणि थांबले. मीही थांबले. कारण ती चाल मीही माझ्या खिडकीतून वर्षानुवर्षं पाहत होते. गल्लीतल्या प्रत्येकानं पाहिली होती. पाण्याच्या दिवशी सगळेच वेडेवाकडे धावतात, म्हणून कुणाच्या मनात काही आलंच नाही. तिच्याही नाही. ती चाल तिची आहे, हे तिलाही माहीत नव्हतं.

आम्ही व्हरांड्यात गेलो. शैला नळाला पाईप लावत होती. आम्हा तिघांना ओळीनं उभं पाहून तिनं स्वतःच्या पायांकडं पाहिलं, मग खाली पसरलेल्या पदराकडं. तिच्या लक्षात आलं.

"बाई, सांग," मी हळूच म्हणाले.

ती नळाकडंच तोंड करून बोलली. "अहो, माझा डावा पाय लहानपणापासून अधू आहे. आईनं मला चालायला शिकवलं होतं. बघण्याच्या दिवसासाठी."

पाईप हौदात धो धो वाहत होता.

"म्हणजे निरांजन लावायला गेलीस तेव्हा?"

"तेव्हाही."

"आणि आईनं विझवल्यावर? दुसऱ्यांदा?"

"दुसऱ्यांदाही."

"पण आई तर उंबऱ्यात बसून बघत होती!"

"हो."

त्यांच्या चेहऱ्यावर राग होता की नाही हे मला कळलं नाही. हरवलेल्या माणसासारखे ते दिसत होते, आपल्याच गावात रस्ता चुकलेल्या. मग ते म्हणाले, "हौद भरत आला, पाईप पिंपात टाक," आणि आत निघून गेले. आवडाबाई मला विचारत राहिली, "काय झालं वो? कुणी वारलं का काय?"

पुढचे काही दिवस सदाशिवराव तिच्याशी मोजकंच बोलले. डोक्याचा फोटो रद्द झाला. हिमांशूला काय सांगितलं कोण जाणे. एका संध्याकाळी ते माझ्या फाटकाशी उभे राहिले. "वहिनी, एक विचारू? पैठणच्या त्या मुलीला आईनं नाकारली. तिला कुणी चालायला शिकवलं नव्हतं, एवढंच ना?"

मी फाटक उघडायच्या आधीच ते वळून गेले.

पुढच्या वेळी दवाखान्यात तेही आले. स्वरदानं सगळं समजावून सांगितलं. डाव्या खुब्याचं काम इतकी वर्षं उजव्या कमरेनं केलं. खुबा आणखी आळशी झाला, कंबर आखडली, आणि आधार नाही म्हणून डावा गुडघा प्रत्येक पावलाला आतल्या बाजूला मुडपत राहिला. म्हणून तो झिजला. आता कंबर ढिली सोडायची, हातात काठी घ्यायची आणि खुब्याला काम शिकवायचं. हाडाच्या डॉक्टरांशी ती बोलली होती. ऑपरेशनची तारीख सोडून दिली होती. उन्हाळ्यात पुन्हा बघायचं. गुडघा तेव्हाही बदलावा लागणार नाही, असं कुणीच म्हणालं नाही.

"आता हात सोडून चाला, काकू. पाण्याच्या दिवशी चालता तसं."

शैला उभी राहिली. हात पुन्हा चिमूट धरून मांडीशी गेला. तिनं तो सोडला, आणि पाय पुन्हा थांबला. ती रडकुंडीला आली.

सदाशिवराव खुर्चीतून एकदम ओरडले, "शैला! पाणी आलं!"

ती दचकली. मग वळून म्हणाली, "खोटं बोलू नका. आज सोमवार आहे."

स्वरदा हसली, मी हसले. शैलाही हसली, आणि हसता हसता तिचं एक पाऊल पडलं, मग दुसरं. अंग डावीकडं गेलं.

हल्ली संध्याकाळी आम्ही कॉलनीच्या बागेत फिरायला जातो. शैला माझ्याबरोबर काठी घेऊन, सदाशिवराव दोन पावलं मागं. काही पावलं ती झुकत टाकते, मध्येच जुनी चाल परत येते आणि ती एकदम सुंदर चालू लागते. समोरून येणाऱ्या बायका म्हणतात, वा, सुधारणा आहे हो. त्यांना काय सांगायचं मला कळत नाही. स्वरदा म्हणते, आधी पदर हलू द्या, मग हळूहळू कमी करू, पण खुब्याच्या जोरानं, कमरेच्या नाही. पदर हलला की चांगलं, की नाही हलला की चांगलं, यात माझा अजून गोंधळ होतो. सदाशिवरावांचाही होतो. पण मागून लक्ष ठेवायचं काम त्यांनी आपणहून घेतलंय.

"अहो, हलतोय का?" शैला मागं न बघता विचारते.

"नाही हलत. परत तशीच चालतेयस. थांब." ती थांबते, चिमटीतला हात सोडते, श्वास घेते. "हं. आता हलतोय."